शिडाच्या बोटीचं इंजिन लाटांत गेलं की हवा धरतंय, डिझेल लाइनबद्दल मदत हवी

हॅम्बलकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. इंग्रजी फोरमवर विचारून झालं. वीस जणांनी वीस फिल्टरांची नावं सांगितली, पण रोग कुणीच सांगितला नाही. म्हटलं आता घरच्यांना विचारावं.

इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळ हॅम्बल नदीत माझी १९८६ सालची ३१ फुटी शिडाची बोट आहे. चार वर्षांपूर्वी जुनी घेतली. इंजिन यानमारचं २जीएम२०, दोन सिलिंडरचं. इंजिन गुणी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. स्टीलची ७० लिटरची टाकी कॉकपिटच्या खाली बसवलेली आहे. टाकीतून निघालेलं डिझेल आधी पारदर्शक वाटीच्या रॅकोर फिल्टरमधून जातं. पुढे इंजिनावरचा फीड पंप, मग इंजिनावरचाच बारीक फिल्टर, मग इंजेक्शन पंप आणि नोझल. उरलेलं डिझेल परत टाकीत.

ऑगस्टमध्ये ओहोटी धरून पश्चिमेला निघालो होतो. हर्स्टची चिंचोळी वाट ओलांडून आइल ऑफ वाइट बेटाच्या पश्चिम टोकाजवळच्या नीडल्स चॅनेलमध्ये शिरलो आणि नैऋत्येचा वारा थेट तोंडावर आला. वारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. रेस वर जायची, खाली यायची, परत वर. दोनेक मिनिटं असं हुंदके दिल्यासारखं चाललं आणि बंद. उजव्या हाताला शिंगल्स नावाचा गोट्यांचा उथळ पट्टा आहे आणि ओहोटी बोटीला नेमकी त्याच्यावरच ढकलते. बायकोने पुढचं शीड मोकळं केलं म्हणून निभावलं. भरती लागेपर्यंत बाहेर घिरट्या घातल्या आणि शिडावरच परत आलो.

नंतर दोन्ही फिल्टर बदलले, हवा काढली. मरीनात तासभर इंजिन अगदी गाईसारखं चाललं. पुढच्या शनिवारी बाहेर काढलं आणि लाटांत पुन्हा तेच. परत फिल्टर बदलले, परत तेच. आता तिसऱ्यांदा फिल्टर विकत घ्यायची इच्छा नाही.

टवाळ_टोणगा

शिडाच्या बोटीला इंजिन? मग शीड कशाला, वाळत घालायला?

हॅम्बलकर

@टवाळ_टोणगा, दोन्ही बाजूंना लाखालाखाच्या बोटी बांधलेल्या आहेत आणि मधल्या बारा फुटांच्या खाचेत दहा फूट रुंदीची बोट घालायची आहे, वारा आडवा. या एकदा शिडावर घालून दाखवा, चहा माझ्याकडून.

मळेकरी

बोटीतलं मला काही कळत नाही, पण हे दुखणं ओळखीचं आहे. आमच्या विहिरीवर पाच घोड्यांचं किर्लोस्कर होतं, आता दोन ट्रॅक्टर आहेत. रेस वरखाली होऊन बंद पडलं म्हणजे इंजिन हवा खातंय. नुसता कचरा अडला असता तर दम हळूहळू कमी होत गेला असता, असं नाचलं नसतं. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय.

फिल्टर राहू द्या. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या आणि इंजिनापेक्षा उंच टांगा. फीड पंपाकडे येणारी नळी काढा, तिथे कॅनमधून आणलेली नळी लावा. परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर तेल टाकीत जाऊन कॅन रिकामा होईल. मग लोड देऊन चालवा. बंद पडलं नाही तर पंप, नोझल, इंजिन सगळं ठीक. खोट पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. एका दुपारचं काम आहे, आणि पैसे नळीपुरते.

चीफसाहेब_निवृत्त

मळेकरी यांनी अगदी बरोबर सांगितलं. व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये तीस वर्षं काढली, पण चाचणी मीही हीच सांगितली असती.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फीड पंपाच्या पुढे लाइनमध्ये दाब असतो, तिथला जोड सैल असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि डोळ्यांना दिसतं. पंपाच्या मागे, टाकीपर्यंत, ओढ असते. तिथला जोड सैल असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोड वरून कोरडा ठणठणीत, आणि त्याच्याकडे बघून माणूस म्हणतो, लीक नाही. ओढ जितकी जास्त तितकी हवा जास्त. म्हणून टाकीच्या तोंडाशी कचरा अडला की एरवी चालून जाणारी जुनी रबरी रिंगसुद्धा हवा द्यायला लागते. म्हणजे तुमचे दोन रोग मुळात एकच असू शकतात.

दोन प्रश्न. रॅकोरमध्ये कितीचा एलिमेंट (आतला बदलायचा गाळणीचा भाग) आहे? आणि एलिमेंटच्या पाकिटात दोन रबरी रिंगा येतात, एक झाकणाची मोठी आणि एक वरच्या टी-हँडलखालची छोटी. दोन्ही बदलल्यात का?

हॅम्बलकर

चीफसाहेब, मोठी बदलली. छोटी दोन्ही पाकिटांत तशीच पडून आहे. मला वाटलं जादा दिलीय.

एलिमेंट तपकिरी, २ मायक्रॉन. जितकं बारीक तितकं चांगलं, असा हिशेब केला होता.

चीफसाहेब_निवृत्त

मलाही वाटलंच होतं. छोटी रिंग डिझेलचं बोट फिरवून बसवा, कोरडी बसवली तर पिळवटते. आणि पहिल्या फिल्टरला २ मायक्रॉन नको. निळा १० चा घाला. बारीक गाळायला इंजिनावरचा फिल्टर आहे. पहिल्याचं खरं काम पाणी आणि जाड कचरा अडवणं. पहिलाच इतका बारीक ठेवला तर सगळा गाळ एकाच ठिकाणी साचतो, ओढ वाढते आणि मी वर म्हटलं ते सुरू होतं. काही जण माझ्याशी सहमत होणार नाहीत, त्यांचे टँक बहुधा स्वच्छ असतील.

जमलं तर टी-हँडलच्या जागी व्हॅक्यूम गेज बसवा. नवा एलिमेंट असतानाही काटा वर चढला तर अडथळा फिल्टरच्या आधी आहे, म्हणजे नळीत नाहीतर टाकीत.

शंकेखोर

हवा काढली, हवा काढली असं सगळे म्हणताय. नक्की करता काय ते कुणी सांगेल का? आमच्या कारमध्ये असलं काही करावं लागत नाही.

हॅम्बलकर

@शंकेखोर, माझ्या इंजिनाचं सांगतो.

टाकीचा कॉक उघडा आहे ना बघायचं (हसू नका, एकदा बंद होता). बारीक फिल्टरच्या डोक्यावर एअर स्क्रू असतो, तो दोन आटे ढिला करायचा, खाली फडकं धरायचं. फीड पंपाच्या बुडाशी एक छोटी दांडी असते. ती अंगठ्याने वरखाली करत राहायची, पन्नास वेळा, साठ वेळा, अंगठा बधिर होईपर्यंत. स्क्रूशेजारून आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा, हात थांबवायचा नाही. दांडी अगदी मोकळी लागत असेल तर पंपाचा कॅम वर येऊन थांबलेला असतो, क्रँक एक फेरा फिरवायचा की दांडीला जोर येतो. मग हेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला. शेवटी नोझलवरचे १७ च्या पान्याचे नट जरा सैल करायचे, डिकाँप्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडून इंजिन हलकं फिरू देणाऱ्या) वर करायच्या आणि स्टार्टर मारायचा. दोन्ही नटांतून डिझेल उडायला लागलं की आवळायचे, लिव्हर खाली, पुन्हा स्टार्टर. घेतं!

मळेकरी

डिकाँप्रेशन लिव्हर! आमच्या किर्लोस्करला होती. लिव्हर वर, हँडल गरगर फिरवायचं, जोर आला की लिव्हर पाडायची आणि हँडल सोडून बाजूला व्हायचं. वडिलांचा अंगठा एकदा त्यात गेला होता.

जोडून सांगतो, स्टार्टर मारताना रेस पूर्ण खुली ठेवा आणि स्टॉपची तार आत ढकललेली आहे ना बघा. आमच्या एका गड्याने सकाळभर हवा काढली, नोझलला थेंब येईना. बंद करायची तार ओढलेलीच होती. बॅटरी उतरली ती वेगळीच.

चीफसाहेब_निवृत्त

हॅम्बलकर, तुम्ही एक गोष्ट सांगितली नाहीत. विसरला असाल तर नशीबवान आहात. माहीतच नसेल तर पुढचं दोनदा वाचा.

तुमच्या इंजिनाला समुद्राच्या पाण्याचा पंप आहे. ते पाणी शेवटी एक्झॉस्टमध्ये सोडलेलं असतं आणि खालच्या सायलेन्सरच्या डब्यात साचतं. इंजिन चालू असताना धूरच त्याला ढकलून बाहेर काढतो. पण तुम्ही नुसताच स्टार्टर मारत बसलात तर पाणी येत राहतं आणि ढकलायला धूर नाही. डबा भरतो, पाणी एक्झॉस्टमधून उलटं चढतं आणि उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये. खारं पाणी. दोन दिवस तसंच राहिलं तर इंजिन अडकतं. डिझेलच्या साध्या कामासाठी उघडलेलं इंजिन अशाने मेलेलं मी पाहिलंय.

हवा काढताना समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद. इंजिनाने घेतलं की त्याच क्षणी उघडा, नाहीतर कोरडा चालून पंपाचा रबरी पंखा जळतो. विसरू नये म्हणून इग्निशनची चावी त्या कॉकच्या हँडललाच अडकवून ठेवायची. चावी घ्यायला गेलात की कॉक आठवतो.

आणि नोझलची चाचणी घेताना तुषारांसमोर हात धरू नका. शंभर बारच्या वरच्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत शिरतं. टोचल्यासारखं वाटतं, दुखतही नाही फारसं, पण ती तातडीची शस्त्रक्रिया असते.

हॅम्बलकर

माहीत नव्हतं. चार वर्षं कॉक उघडा ठेवूनच हवा काढतोय.

चावी आत्ताच अडकवून आलो.

नाखवा_७८

उशिरा बघितला धागा. आमच्या घरची ट्रॉलर आहे, रत्नागिरीच्या बाजूला. इंजिन सहा सिलिंडरचं, पण डिझेल सगळ्यांचं सारखंच.

लाटांतच का होतं याचं उत्तर कुणी नीट दिलं नाही. बंदरात उभी असताना टाकीत सगळं निवांत बसलेलं असतं. खाली पाणी, त्यावर काळा गाळ, वर स्वच्छ डिझेल. बाहेर गेलात की टाकी ताकासारखी घुसळते. तळातलं सगळं वर येतं आणि नळीच्या तोंडाला लागतं. मरीनात तासभर चाललं म्हणजे डिझेल चांगलं, असं समजू नका.

आमचा तांडेल सकाळी इंजिनाला हात लावण्याआधी टाकीच्या तळातून बाटलीभर डिझेल काढून उजेडात धरतो. तुमच्या टाकीला तळाला कॉक नसेल तर तळापर्यंत नळी घालून हातपंपाने ओढा. पाणी आत येतं कुठून ते शोधा, कारण फिल्टर टाकीत येणारं पाणी थांबवत नाही, दाखवतो फक्त. माझा संशय डेकवरच्या झाकणावर.

मीनल_ग

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तेवढ्यापुरती नाक खुपसते.

काळा गाळ बहुतेक नुसता गाळ नसतो. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. सगळ्यात प्रसिद्ध बुरशी होर्मोकोनिस रेझिनी, विमानांच्या इंधन टाक्यांतही हिने बराच त्रास दिलाय. राहते पाण्यात आणि खाते डिझेल. पाण्याचा पातळ थरसुद्धा तिला पुरतो. वाढते ती चिकट पडद्यासारखी, आणि तिच्या आम्लांनी टाकीचा धातू कुरतडला जातो. ब्रिटनच्या रस्त्यावरच्या पंपांवर बी७ लिहिलेलं डिझेल मिळतं, म्हणजे त्यात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असतं. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा जास्त पाणी धरून ठेवतं आणि सूक्ष्मजीवांना पचायलाही सोपं असतं.

औषध मिळतं, पण एक लक्षात घ्या. औषधाने बुरशी मरते, नाहीशी होत नाही. मेलेला पडदा सुटा होऊन थेट तुमच्या फिल्टरमध्ये येतो. गाळ असलेल्या टाकीत औषध ओतून त्याच दिवशी फिरायला निघू नका. आधी टाकी साफ, मग औषध.

गेटवेवासी

माझी बोट मुंबईत असते. मेच्या अखेरीस वर काढतो, पाऊस संपला की पाण्यात. चार महिने टाकी भरून ठेवायची की रिकामी? एक मेकॅनिक म्हणतो भरून, म्हणजे बाष्प धरत नाही. दुसरा म्हणतो रिकामी, म्हणजे बुरशीला खायला नको.

नाखवा_७८

@गेटवेवासी, आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोट वर ओढून शाकारून ठेवतो. टाकी भरलेली ठेवतो. पण खरं सांगू का, हवेतल्या बाष्पाने जमून जमून किती पाणी जमणार? डेकवरच्या झाकणाची रिंग चिरलेली असेल तर एका पावसाळ्यात पेलाभर पाणी सहज जाईल. झाकण तुम्ही उलट्या बादलीखाली ठेवलंत तर भरली-रिकामी हा वाद घालायची गरजच पडणार नाही. आणि टाकीची हवेची नळी बाहेर कुठे उघडते तेही बघा. काही बोटींत ती इतकी खाली असते की बोट कलली की लाट आत.

चीफसाहेब_निवृत्त

बाष्पाची गोष्ट मी इतकी उडवून लावणार नाही. मुंबईच्या हवेत स्टीलची टाकी रात्री घाम सोडते. पण झाकण आधी, हे मान्य. टाकी भरून औषधाची मात्रा घालून ठेवा आणि पाण्यात उतरवण्याआधी तळातलं बाटलीभर काढा.

हॅम्बलकर

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

आधी मळेकरींची चाचणी. जेटीला दुप्पट दोर बांधले, गिअर टाकला, रेस २००० वर. शेजारच्या बोटीवरच्या आजोबांची क्षमा आधीच मागून ठेवली होती. टाकीवर चालवलं तर चाळीसाव्या मिनिटाला हुंदके सुरू. टांगलेल्या कॅनवर दोन तास, एकदाही नाही. मळेकरी, तुमच्या विहिरीला साष्टांग नमस्कार.

मग नाखवांच्या सांगण्यावरून तळातलं डिझेल ओढलं. चीफसाहेबांच्या शिस्तीत काचेच्या बरणीत. लोणच्याची होती, घरात तेवढीच रिकामी सापडली. अर्ध्या तासाने तीन थर वेगळे दिसायला लागले. खाली बोटभर पाणी, गढूळ. वर डिझेल, जुन्या चहाच्या रंगाचं. आणि दोघांच्या मध्ये काळपट तपकिरी साय. हो, सायच. बरणी हलवली की अख्खी एकसंध हलायची, सुटी होत नव्हती. मीनलताई, तुमचं वर्णन वाचून मगच पाहिलं हे बरं झालं, नाहीतर हात घातला असता.

टाकीला तपासायचं झाकण नव्हतंच. १९८६ पासून ती आतून कुणी पाहिलीच नसावी. वरची प्लेट काढून डिझेल ओढणारी नळी बाहेर घेतली. तिच्या टोकाला पितळेची बारीक जाळी होती, बनवणाऱ्याने कचरा अडवायला लावलेली. बुरशीच्या सायीने जाळी तीन चतुर्थांश लिंपलेली. लाट आली की उरलेला भागही झाकला जायचा, इंजिन बंद झालं की ओढ थांबून साय गळून पडायची. म्हणून मरीनात आल्यावर सगळं परत छान. इतके महिने मी पुढचा फिल्टर बदलत होतो आणि खरा फिल्टर टाकीच्या तळाशी बसला होता, ज्याचा मला पत्ताच नव्हता.

जाळी कापून टाकली. नळीचं टोक तिरकं कापलं आणि तळापासून दोनेक सेंटिमीटर वर ठेवलं. वरून हात जाईल एवढं गोल झाकण बसवून घेतलं. टाकी पुसायला दोन दिवस आणि जुन्या बनियनांचं एक पोतं लागलं. घाण डिझेल मरीनाच्या टाकाऊ तेलाच्या टाकीत.

डेकवरच्या झाकणाची रिंग? नखाने उचलली तर तुकडे झाले. नवीन दोन पौंडांची. चारही हंगाम पाऊस थेट टाकीत जात होता, आणि मी औषधं, फिल्टर यांच्यावर किती घालवले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

टी-हँडलची छोटी रिंग बसवली. निळा एलिमेंट घातला. गेज लावलं, काटा शून्याच्या जवळ. गेल्या रविवारी मुद्दाम नीडल्सकडे गेलो, वारा नैऋत्येचा, ओहोटी. दीड तास लाटा खाल्ल्या. काटा हललाही नाही.

मळेकरी

झकास! आता एक शेवटचं. डिपस्टिक बघत चला. इंजिन ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, वास घ्या. फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि बेअरिंगं खाऊन टाकतं. आमच्या एका ट्रॅक्टरचं असंच गेलं, तेल वाढतंय म्हणून काका कौतुक करत होते.

शंकेखोर

जाळी कापलीत ती बरोबर का? बनवणाऱ्याने काहीतरी विचार करूनच लावली असेल ना?

चीफसाहेब_निवृत्त

@शंकेखोर, जाळीला माझी हरकत नाही, तिच्या जागेला आहे. जिथे हात पोचत नाही आणि डोळा पोचत नाही तिथे फिल्टर बसवू नये. कचरा रॅकोरपर्यंत येऊ द्या, तिथे तो पारदर्शक वाटीत दिसतो आणि पाच मिनिटांत काढता येतो.

टवाळ_टोणगा

मानलं राव. चहा माझ्याकडून. त्या बरणीचा फोटो टाका पण.

हॅम्बलकर

फोटो टाकला असता, पण बरणी आता माझ्याकडे नाही. गॅरेजच्या खिडकीत ठेवली होती, थर आणखी बसतात का बघायला. सासूबाई पुण्याहून आल्यात. त्यांना वाटलं, लोणचं नासलंय. बरणी तीनदा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळत घातलीय, आणि विचारताहेत की इतकं तेल कसलं वापरता तुम्ही लोक.